सर्व्हर बंद पडला तरी काम थांबू नये म्हणून...

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य शहरातल्या ग्राहकाला चीड आणते. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या भिवापूर तालुक्यात त्याच वाक्याची किंमत एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे इतकी असते. त्यातच अर्जाची मुदत संपण्याचा दिवस असेल, तर नुकसान हंगामभराचे होऊ शकते. मिरचीला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या या तालुक्यातील शेतकऱ्याचा सातबारा पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असे. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि पीककर्ज, पीकविमा, जमिनीची खरेदी-विक्री या साऱ्यांची दोरी दूरच्या संगणकांच्या हाती गेली. बँकेचे खाते, रेशन दुकानातील ई-पॉस यंत्र, आधारची ओळखपडताळणी यांचेही तसेच. ही सारी कामे ज्या यंत्रांवर चालतात, ती भिवापूरपासून शेकडो किलोमीटर दूर असतात.

ती यंत्रे जिथे ठेवली आहेत ती इमारतच उद्या पाण्याखाली गेली, जळाली किंवा अंधारात बुडाली तर काय, हा प्रश्न माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात जुना आहे. त्याचे उत्तर म्हणजे एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणी तीच सेवा उभी करणे आणि एक बंद पडताच दुसरीकडे काम वळवणे. या वळवण्यालाच 'फेलओव्हर' म्हणतात. कल्पना सोपी आहे. ती अमलात आणताना अंतर, वेळ, पैसा आणि माणसांचा निर्णय या चारही गोष्टींची कसोटी लागते.

फेलओव्हर म्हणजे काय?

एखाद्या कार्यालयात दोन सर्व्हर शेजारी शेजारी ठेवले आणि एक बिघडताच दुसऱ्याने काम सुरू केले, तरी तो फेलओव्हरच होय. यंत्रातील एखादा भाग जळाला, डिस्क निकामी झाली, तर अशी स्थानिक व्यवस्था पुरते. मात्र दोन्ही सर्व्हर एकाच छताखाली, एकाच वीजजोडणीवर आणि एकाच केबलवर असतील, तर संपूर्ण जागेवर आलेल्या संकटात दोघेही एकदमच बंद पडतात. म्हणून बँका, शेअर बाजार आणि महत्त्वाच्या सरकारी सेवा दुसरे केंद्र दुसऱ्या शहरात उभारतात. पहिल्याला मुख्य केंद्र आणि दुसऱ्याला आपत्तीकालीन किंवा पर्यायी केंद्र म्हटले जाते.

पर्यायी केंद्राचेही प्रकार आहेत. जिथे फक्त जागा आणि वीज तयार असते, यंत्रे नंतर आणावी लागतात, तिथे काम सुरू व्हायला दिवस लागतात. यंत्रे बसवलेली आहेत पण माहिती प्रतीवरून भरावी लागते, तिथे काही तास लागतात. यंत्रे चालू आहेत आणि मुख्य केंद्रातील प्रत्येक बदल तिथे सतत पोहोचतो आहे, तिथे काम मिनिटांत वळवता येते. चौथ्या प्रकारात दोन्ही केंद्रे एकाच वेळी ग्राहकांना सेवा देत असतात. प्रत्येक पायरीगणिक खर्च वाढत जातो.

अंतर किती असावे?

मुंबईकरांना याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी वीजपुरवठ्यातील बिघाडाने मुंबईबरोबर ठाणे आणि नवी मुंबईचाही मोठा भाग अंधारात गेला. मुख्य केंद्र मुंबईत आणि पर्यायी केंद्र नवी मुंबईत अशी रचना असेल, तर अशा दिवशी दोन्ही केंद्रे एकाच वेळी डिझेल जनित्रांवर येतात. दोघांचे दैव एकाच धाग्याला बांधलेले राहते.

शेअर बाजारांसाठी भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजेच सेबीने, २०१२ मध्ये याबाबत मापदंड घालून दिला. पर्यायी केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात असावे. ते शक्य नसेल तर दोन केंद्रांत किमान ५०० किलोमीटर अंतर असावे. या मोजमापाने मुंबई आणि पुणे ही जोडी बाद होते, मुंबई आणि नागपूर ही जोडी बसते. भूकंपाच्या नकाशातही फरक आहे. भारतीय मानक १८९३ च्या २००२ आणि २०१६ या आवृत्त्यांत मुंबई तिसऱ्या, तर नागपूर सर्वांत कमी धोक्याच्या दुसऱ्या क्षेत्रात दाखवले होते. समुद्रापासूनचे अंतर हा नागपूरचा आणखी एक फायदा.

देशातील मोठ्या यंत्रणांनी हेच सूत्र पाळलेले दिसते. आधारची माहिती केंद्रे बंगळुरूतील हेब्बाळ आणि हरियाणातील मानेसर येथे आहेत. दोहोंत दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजेच एनआयसीची, राष्ट्रीय माहिती केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशी चार दिशांना पसरलेली आहेत.

अंतराची किंमत

दूर जाण्याने सुरक्षितता वाढते, पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते नागपूर सुमारे ७०० किलोमीटर धरले, तर संदेश जाऊन त्याची पोच परत यायला किमान सात मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत यंत्रेही असतात, त्यामुळे हा काळ वाढतो. सात मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आतला काळ. पण प्रत्येक नोंद दूरच्या केंद्रात पोहोचल्याची पोच मिळाल्यावरच पुढची नोंद करायची ठरवली, तर एकामागून एक अशा नोंदी सेकंदाला जेमतेम १४० होतील. सेकंदाला हजारो व्यवहार करणाऱ्या यंत्रणेला हे परवडत नाही.

म्हणून प्रती पाठवण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या. पहिल्या पद्धतीत दोन्हीकडे नोंद झाल्याशिवाय व्यवहार पूर्ण मानला जात नाही. तिला समकालिक पद्धत म्हणता येईल. यात माहिती हरवत नाही, पण अंतर साधारणतः शंभर किलोमीटरच्या आत ठेवावे लागते. दुसऱ्या, असमकालिक पद्धतीत मुख्य केंद्र पोचेची वाट न पाहता काम पुढे नेते आणि बदल मागाहून दूरच्या केंद्राकडे जात राहतात. अंतर कितीही चालते, मात्र मुख्य केंद्र अचानक नष्ट झाले तर वाटेत असलेल्या अखेरच्या काही नोंदी हरवतात.

मोठ्या वित्तीय संस्था या पेचातून तीन केंद्रांचा मार्ग काढतात. मुख्य केंद्राच्या जवळ एक लहान केंद्र असते. तिथे प्रत्येक नोंद समकालिक पद्धतीने उतरते. तिसरे केंद्र शेकडो किलोमीटर दूर असते. मुख्य केंद्र कोसळले तर दूरचे केंद्र जवळच्या केंद्राकडून राहिलेल्या नोंदी घेते आणि मग कामाला लागते.

दोन प्रश्न आधी

यंत्रे विकत घेण्याआधी संस्थेने स्वतःला दोन प्रश्न विचारायचे असतात. सेवा जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिलेली चालेल? आणि किती वेळाच्या नोंदी हरवलेल्या चालतील? तंत्रज्ञ पहिल्या मर्यादेला 'आरटीओ' आणि दुसरीला 'आरपीओ' म्हणतात. वाहन परवान्याच्या कार्यालयाशी यातील आरटीओचा संबंध नाही.

ही उत्तरे तंत्रज्ञाने नव्हे, तर संस्था चालवणाऱ्यांनी द्यायची असतात. हवामानाची माहिती देणारे संकेतस्थळ दोन तास बंद राहिले तर चालून जाईल. मात्र जमिनीच्या फेरफाराची एक नोंद जरी हरवली, तरी त्यातून वर्षानुवर्षे चालणारा दावा उभा राहू शकतो. मार्च २०२१ मध्ये सेबीने शेअर बाजारांसाठी ही उत्तरे मिनिटांत बांधून दिली. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यापासून तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत पर्यायी केंद्रातून काम सुरू करायचे आणि हरवणाऱ्या नोंदींची मर्यादा पंधरा मिनिटांची ठेवायची.

काम वळते कसे?

दोन्ही केंद्रे ठरावीक सेकंदांनी एकमेकांना 'मी आहे' असा संदेश पाठवत असतात. त्याला 'हार्टबीट' म्हणतात. हे संदेश थांबले की पर्यायी केंद्र सावध होते. पुढचा प्रश्न ग्राहकाला नव्या जागी नेण्याचा. त्यासाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग नावाच्या नोंदीचा. संकेतस्थळाचे नाव टाइप केल्यावर त्या नावामागचा आकडी पत्ता 'डीएनएस' ही व्यवस्था शोधून देते. मुख्य केंद्र बंद पडले की त्या नावापुढे पर्यायी केंद्राचा पत्ता लिहायचा. अडचण अशी, की इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या जुना पत्ता काही काळ लक्षात ठेवतात. हा काळ ३०० सेकंद ठेवला असेल, तर साधारण पाच मिनिटांत बहुतेक ग्राहक नव्या जागी पोहोचतात. तो ८६,४०० सेकंद राहून गेला असेल, तर काही ग्राहक एक दिवसभर बंद दारावरच थाप मारत राहतात. हा आकडा संकटाच्या आधीच कमी करून ठेवावा लागतो. संकट आल्यावर कमी करून काही उपयोग नसतो.

दुसरा मार्ग रस्ता बदलण्याचा. इथे पत्ता तोच राहतो, पण इंटरनेटवरील मार्गदर्शक यंत्रे त्या पत्त्याकडे जाणारी वाहतूक दुसऱ्या शहराकडे नेतात. हा मार्ग वेगवान असला, तरी त्याला स्वतःचे पत्ते आणि एकाहून अधिक दूरसंचार कंपन्यांशी करार लागतो.

एका दप्तराचे दोन मालक

या व्यवस्थेतील सर्वांत घातक प्रसंग यंत्र बंद पडण्याचा नसतो. दोन्ही केंद्रे धडधाकट असताना केवळ त्यांच्यामधली केबल तुटण्याचा असतो. संदेश थांबल्याने पर्यायी केंद्र समजते, की मुख्य केंद्र संपले. ते स्वतःला मुख्य घोषित करते. मुख्य केंद्र तर चालूच असते. आता एकाच दप्तराचे दोन मालक झाले.

भूमी अभिलेखाचे कल्पित उदाहरण घेतले तर धोका स्पष्ट होतो. भिवापूर तालुक्यातील एका गटाच्या वारसाची नोंद एका केंद्रात झाली आणि त्याच गटाच्या खरेदीची नोंद त्याच तासात दुसऱ्या केंद्रात झाली. केबल जोडली गेली तेव्हा एकाच जमिनीचे दोन सातबारे समोर आले. कोणता खरा, हे संगणक सांगू शकत नाही.

यावर उपाय आहेत. तिसऱ्या ठिकाणी एक लहान साक्षीदार सर्व्हर ठेवला जातो. ज्या केंद्राला साक्षीदाराचा कौल मिळेल तेच मुख्य. ज्याला तो मिळत नाही, त्याने नोंदी घेणे आपणहून थांबवायचे. दूरच्या केंद्राने सूत्रे घेण्यापूर्वी जुन्या केंद्राचा प्रवेश तोडायचा, हा दुसरा उपाय. शेकडो किलोमीटरच्या अंतरावर अनेक संस्था ही अखेरची कळ यंत्राच्या हाती न देता जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती ठेवतात. मात्र त्या अधिकाऱ्याचे नाव, त्याच्या अनुपस्थितीत निर्णय कोणाचा आणि किती मिनिटांत, हे आधी लिहून ठेवलेले असावे लागते.

२४ फेब्रुवारी २०२१ चा धडा

याचे सर्वपरिचित भारतीय उदाहरण मुंबईतच घडले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजेच एनएसईचे, व्यवहार थांबले. ते दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी वेळ वाढवून पाचपर्यंत चालले. त्या काळात मुंबई शेअर बाजार सुरू होता. एनएसईकडे जवळचे केंद्र होते, दूरचे केंद्रही होते, दूरसंचाराच्या जोडण्याही एकाहून अधिक कंपन्यांच्या होत्या.

एनएसईने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुख्य आणि जवळच्या केंद्रांमधील जोडण्या अस्थिर झाल्या आणि त्याचे मुख्य कारण वाटेवरील रस्त्यांचे खोदकाम व बांधकाम हे होते. जोडण्या तुटल्या तरी मुख्य केंद्रातील साठवण यंत्रणेने काम चालू ठेवणे अपेक्षित होते; ती मात्र प्रतिसाद देईनाशी झाली आणि जोखीम व्यवस्थापनाची प्रणाली बंद पडली. व्यवहार दूरच्या केंद्राकडे का नेले नाहीत, याचा खुलासा सेबीने मागितला. त्यानंतर महिन्याभरात मिनिटांच्या मर्यादा घालणारे वर उल्लेखलेले निर्देश आले.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. दोन कंपन्यांच्या केबल वेगळ्या असल्या, तरी त्या एकाच रस्त्याखालून जात असतील तर एकच कुदळ दोन्ही तोडू शकते. आणि पर्यायी केंद्र अस्तित्वात असणे व त्याकडे जाण्याचा निर्णय वेळेत होणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पुढे २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजारांनी खास सत्रे भरवली. प्रत्येक दिवशी पहिले सत्र मुख्य केंद्रातून आणि दुसरे पर्यायी केंद्रातून चालले. खऱ्या गुंतवणूकदारांचे खरे व्यवहार त्यात झाले. अशा सरावाला पर्याय नाही. वर्षानुवर्षे न वापरलेल्या केंद्रात जुनी प्रणाली, मुदत संपलेली सुरक्षा प्रमाणपत्रे किंवा कोणालाच न आठवणारे संकेतशब्द निघतात, आणि ते कळण्याची वेळ नेमकी संकटाची असते.

परतीचा प्रवासही सरावात धरावा लागतो. मुख्य केंद्र दुरुस्त झाले म्हणजे लगेच तिकडे जाता येत नाही. मधल्या काळात पर्यायी केंद्रात झालेल्या नोंदी आधी मुख्य केंद्रात उतरवाव्या लागतात. घाईने परतल्यास त्या नोंदींवर पाणी सोडावे लागते.

पर्याय आणि प्रत

पर्यायी केंद्र असले म्हणजे माहितीच्या वेगळ्या प्रतीची गरज नाही, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. मुख्य केंद्रात कोणी चुकून हजार नोंदी पुसल्या, तर तो बदलही इमानेइतबारे दूरच्या केंद्रात पोहोचतो. खंडणीखोर विषाणूने फाइली कुलूपबंद केल्या, तर कुलूपही तिकडे जाते. म्हणून आदल्या दिवसाची, आदल्या आठवड्याची आणि आदल्या महिन्याची प्रत स्वतंत्रपणे, शक्य तर नेटवर्कपासून तोडून ठेवावी लागते.

प्रत कुठे ठेवली यालाही महत्त्व आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या माहिती केंद्राची एक इमारत आगीत भस्मसात झाली. ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांपैकी काहींना मूळही गमवावे लागले आणि प्रतही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्राला बॅटऱ्यांमुळे आग लागली आणि ७०९ सरकारी प्रणाली थांबल्या. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली ठेवणाऱ्या एका प्रणालीतील ८५८ टेराबाइट माहितीची बाहेर कुठेही प्रत नव्हती. महाराष्ट्राने हाच अनुभव कागदी रूपात घेतला आहे. २१ जून २०१२ च्या मंत्रालयातील आगीत पाच जणांचे प्राण गेले आणि एकाच ठिकाणी ठेवलेल्या असंख्य फाइली राख झाल्या.

लहान संस्थांनी काय करावे?

तीन केंद्रांचा थाट तालुक्याच्या पतसंस्थेला परवडणारा नाही आणि तिला त्याची गरजही नसते. भिवापूरसारख्या ठिकाणच्या संस्थेने आधी आपल्या सेवांची यादी करून त्यांना क्रम लावावा. ठेवी आणि कर्जाची खाती पहिल्या क्रमांकावर. संस्थेची माहितीपत्रिका अखेरीस. महत्त्वाच्या खात्यांची प्रत नागपूरच्या केंद्रात सतत जावी. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आत असल्याने, चांगली जोडणी असेल तर समकालिक पद्धतही वापरता येते. रात्रीची एक प्रत पुणे किंवा हैदराबादसारख्या दूरच्या शहरातील भाड्याच्या सर्व्हरवर पाठवावी. तिथली यंत्रणा एरवी लहान ठेवून गरजेच्या वेळी वाढवता येते, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो.

दुसरी जोडणी घेताना केबल कोणत्या रस्त्याने येते, हे विचारावे. एक जोडणी तारेची आणि दुसरी बिनतारी ठेवली, तर एका खोदकामात दोन्ही तुटत नाहीत. काम कसे वळवायचे याच्या पायऱ्या कागदावर लिहून कार्यालयात ठेवाव्यात. त्या त्याच सर्व्हरवर ठेवल्या तर ऐनवेळी वाचता येणार नाहीत. वर्षातून किमान दोनदा, कामाच्या दिवशी, मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहावा आणि पुन्हा काम सुरू व्हायला किती मिनिटे लागली हे नोंदवावे. प्रतीवरून माहिती परत भरून पाहण्याचा सरावही त्यातच करावा.

अखेरच्या टप्प्याचा प्रश्न

दोन शहरांतील दोन केंद्रे कितीही सक्षम असली, तरी तालुक्यापर्यंत येणारी केबल एकच असेल तर भिवापुरातील खिडकीवर 'सर्व्हर डाऊन' हीच पाटी लागते. सर्व्हर चालूच असतो. त्याच्यापर्यंतचा रस्ता बंद असतो. नागरिकाला या दोहोंतला फरक कळण्याचे कारण नाही. म्हणून सेवा सुरू होती की नाही, याचे मोजमाप माहिती केंद्रातील दिव्यांवरून न करता तालुक्याच्या खिडकीवरून केले पाहिजे. तसेच अखेरच्या दिवशी यंत्रणा बंद पडली तर मुदत किती वाढेल, हा नियम आधी जाहीर असला पाहिजे. तोवर 'उद्या या' या दोन शब्दांचा भार खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसालाच वाहावा लागेल.